लेटरबॉक्सिंग सुरू करायचंय, कोल्हापूरच्या आसपास चांगल्या वाटा सांगा

कळंबेकरीण | ५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

घरात दोन पोरं. थोरली सातवीत, धाकटा चौथीत. रविवार उजाडला की दोघांची दोन तोंडं दोन मोबाइलमध्ये. मागच्या आठवड्यात लेटरबॉक्सिंगबद्दल वाचलं. कुणीतरी डोंगरात डबा लपवतं, त्यात एक रबरी ठसा आणि एक वही असते. डबा कुठं आहे त्याचा माग कोड्यासारखा लिहून ठेवलेला असतो. सापडला की त्यातला ठसा आपल्या वहीत उमटवायचा, आपला ठसा त्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा परत ठेवून यायचं. बक्षीस काही नाही. हे 'बक्षीस काही नाही' मला फार आवडलं.

तर कोल्हापुरात किंवा पन्हाळा-जोतिबा पट्ट्यात कुणी अशा पेट्या लपवल्यात का? दोन-तीन इंग्रजी साइटवर शोधून दमले, मला एकही मिळाली नाही. सामान काय लागतं? पोरं चालू शकतील अशा वाटा कुठल्या?

मंगळवारपेठी | ५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

पोस्टाची लाल पेटी व्हय? आमच्या चौकात हाय की. शोधायची गरज न्हाई, तिला टेकूनच बसलोय.

कळंबेकरीण | ५ ऑक्टोबर, रात्री १०:११

दादा, नीट वाचा की हो.

मंगळवारपेठी | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

वाचलं. डोंगरावर चढायचं, शिक्का मारून घ्यायचा, सही करायची आणि हात हलवत परत यायचं. म्हणजे सरकारी हापीसच, फक्त वाऱ्याला. नाद खुळा! मी हाय तुमच्यासंगं.

एक्सेटरवासी | ६ ऑक्टोबर, पहाटे ३:३०

माहेर राजारामपुरी, आता ११ वर्षं इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये. हा खेळ जन्मला ते डार्टमूरचं माळरान इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

१८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं डार्टमूरवर क्रॅनमियर पूल इथं एक बाटली ठेवली. (पूल म्हणजे तळं. आता तळंही नाही, नुसती दलदल आहे.) तिथवर पोचायचं म्हणजे त्या काळी चांगलीच पायपीट. जो पोचेल त्यानं आपलं कार्ड बाटलीत टाकायचं, एवढंच. पुढं लोक पत्रं आणि पोस्टकार्डं ठेवायला लागले. नंतर येणारा माणूस ती उचलून टपालात टाकायचा. 'लेटरबॉक्स' हे नाव तिथून आलं, म्हणजे मंगळवारपेठी अगदीच चुकले नाहीत. १९०५ मध्ये तिथं वही आली आणि १९०७ मध्ये रबरी शिक्का. बरीच वर्षं हे प्रकरण डेव्हनबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. एप्रिल १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात लेख आला आणि अमेरिकेत लोकांना याचं वेड लागलं.

इथं १०० पेट्या सापडलेल्यांचा एक '१०० क्लब' आहे. माझ्या ४३ झाल्यात, घाई नाही. काही पेट्या तर डोंगरात नसतातच. पबच्या गल्ल्यामागं ठसा ठेवलेला असतो, मागितला तर देतात.

इथले रिवाज थोडक्यात सांगते. पुरातन दगड, समाधीचे ढीग, भिंती, इमारती यांत पेटी ठेवायची नाही. खणायचं नाही, सिमेंट लावायचं नाही. आसपास कुणी बघत असेल तर चपलेतला खडा काढत बसायचं, तो माणूस जाईपर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: माग शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच घर सोडायचं. मी पहिल्या खेपेला अर्धा माग वाचून निघाले. दोन तास चालल्यावर खालची ओळ वाचली, 'सुरुवात गावाच्या पलीकडच्या वाहनतळापासून.' नवरा अजून ते काढतो.

आता तुमच्या प्रश्नाकडं. नवख्यांना सगळे सांगतात, आधी थोड्या शोधा, मग स्वतःची लपवा. तुमच्याकडं शोधायलाच नाहीत, तर उलटं करा. पोरांनी एकमेकांसाठी घरात, गच्चीत लपवू दे. दोन रविवार ते झालं की एक पेटी बाहेर नेऊन ठेवा.

जीपीएसवाला | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

एवढा खटाटोप कशाला? जिओकॅशिंग करा. अ‍ॅप घ्या, ठिपक्यामागं जा, डबा मिळाला. २ मे २००० ला अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये पहिला डबा लपवला गेला. आज जगभर चालतं.

कळंबेकरीण | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

मोबाइल हातातून काढायलाच तर हे सगळं चाललंय ना भाऊ!

ठसेबाज | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

चित्रकला शिकवतो, त्यामुळं राहवत नाही. विकतचा शिक्का घेऊ नका. कोल्हापूरला कलापूर म्हणायचं आणि शिक्का दुकानातून आणायचा, हे शोभत नाही. शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे सगळ्यांनी केलेत, त्याच्या पुढची ही पायरी.

मोठं, पांढरं, मऊ खोडरबर घ्या. पेन्सिलीच्या बुडाला असतं तसलं नको, ते भुगा होतं. जाड, मऊ शिशाच्या पेन्सिलीनं कागदावर चित्र काढा. कागद रबरावर पालथा घालून चमच्याच्या पाठीनं घासा. चित्र रबरावर उलटं उतरतं आणि उलटंच हवं असतं, कारण ठसा मारल्यावर ते सुलटं होणार. अक्षरं थेट रबरावर काढायला गेलात तर हमखास फसाल. माझ्या एका विद्यार्थ्यानं मेहनतीनं स्वतःचं नाव कोरलं, ते वाचायला आरसा लागला.

कोरायला लिनोचं हत्यार मिळतं, सगळ्यात बारीक 'व्ही' पातं आणा. पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला कलतं धरा, म्हणजे रेषेचं बूड रुंद राहतं. आत कलवलंत तर रेष खालून पोखरली जाते आणि दहा ठशांत तुटते. हात न फिरवता रबर फिरवा. देवनागरीत शिरोरेषा पहिली तुटते, ती गरजेपेक्षा दुप्पट जाड ठेवा. अनुस्वाराचा ठिपका मोठा ठेवा, नाहीतर तो उडून जातो आणि अंबाबाईची अबाबाई होते. धाकट्याच्या हातात पातं देऊ नका, त्याला चित्र काढू दे आणि थोरलीला तुमच्यासमोर कोरू दे.

प्रत्येकाचा ठसा वेगळा हवा. त्याच्यासोबत एक टोपणनाव घेतात, वहीत तेच लिहायचं, खरं नाव नाही.

एक्सेटरवासी | ६ ऑक्टोबर, दुपारी २:४०

सुंदर लिहिलंत. भर घालते. वही कोऱ्या, जाड कागदाची घ्या, रेघांची नको. पेटीत पेन्सिल ठेवा, पेनची शाई ओलीत पसरते. ठसा एका झिपच्या पिशवीत, वही दुसऱ्या, दोन्ही मिळून तिसऱ्या.

मंगळवारपेठी | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:००

चपलांच्या खोक्यात ती बारकी पुडी असते न्हवं, 'खाऊ नका' लिहिलेली? ती टाका डब्यात, दमट होणार न्हाई. कोल्हापुरात चपलांच्या खोक्यांना काय तोटा!

रानवाटा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आता वाटांचं. वीस वर्षं या डोंगरांत फिरतोय, त्यामुळं आधी 'कुठं नको' ते सांगतो.

पन्हाळ्याच्या तटबंदीत, तीन दरवाजात, अंधारबावीत डबा ठेवायचा विचार सगळ्यात आधी येणार. तो डोक्यातून काढा. गडावरच्या वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत आणि जुलै २०२५ पासून गड जागतिक वारसा यादीतही आहे. तटाचा एक दगड हलवून त्यामागं डबा सारायचा म्हणजे तट पाडायला हातभार. इंग्लंडमध्ये जो रिवाज आहे तो आपल्याकडं दुप्पट पाळायला हवा. पोहाळ्याच्या लेण्यांना आणि खिद्रापूरच्या कोपेश्वरालाही हेच लागू. मागात त्यांचा उल्लेख करा, 'लेण्यांकडं पाठ करून उभं राहा' म्हणा, पण पेटी तिथून लांब.

राधानगरी-दाजीपूर अभयारण्यातही नको. तिथं परवानगीशिवाय वाट सोडून फिरताच येत नाही, आणि झुडपात हात घालताना समोर गवा उभा राहिला तर ठसा तो उमटवेल.

पंचगंगेच्या काठाला पेटी ठेवायची तर दिवाळीनंतर ठेवा आणि मे संपायच्या आत उचला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे आपल्याला पाठ आहेत. २०१९ ला घरं गेली, डब्याचं काय घेऊन बसलाय.

मसाई पठार चालायला फार छान, पोरांना धावायला मोकळं. पण लपवायला जागा नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गवत पेटतं. प्लॅस्टिकचा डबा वणव्यात वितळून ठशासकट लगदा झालेला मी स्वतः पाहिलाय. (जेवणाचा डबा होता, कुणीतरी विसरलेला. गोष्ट तीच.) रंकाळ्याला माणसंच इतकी की चपलेतला खडा काढत रात्र होईल. विद्यापीठाच्या आवारात झाडी आहे, मोर आहेत, पण तिथं विचारल्याशिवाय काही ठेवू नका.

मग राहिलं काय? माझं मत ऐका. पेटी आपल्या माणसाच्या जागेत ठेवा आणि वाट सगळ्यांची वापरा. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या पायथ्याला, प्रयाग चिखलीच्या संगमाकडं कुणाचं तरी शेत असतंच. त्याला सांगून बांधावर ठेवा. चोरी नाही, बेवारस वस्तू नाही, कुणी हटकलं तर उत्तर द्यायला माणूस आहे. कळंबेकरीण, तुम्हाला तर कात्यायनीचा डोंगर जवळ. कळंब्याच्या पुढं गारगोटी रोडच्या बाजूला नात्यातलं कुणी नाही का?

कळंबेकरीण | ६ ऑक्टोबर, रात्री ९:४४

मामाचं शिवार आहे की तिकडं! आता सुचतंय.

आक्कासाहेब | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

मी वयस्कर बाई, डोंगर नाही चढायची. पण कोडं म्हटल्यावर आले. आमची आज्जी कोड्याला हुमान म्हणायची. रात्री अंगणात वाकळ टाकून हुमान घालायची आणि उत्तर आलं नाही की दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच ठेवायची. तुमचे माग असेच असावेत असं वाटतं. 'ईशान्येला वीस पावलं' हे तर मोजणीदाराचं काम झालं. 'कासराभर दिवस वर आला की सावली जिकडं पडते तिकडं' म्हणा. पोरं आधी कासरा म्हणजे काय ते विचारतील, तिथंच अर्धा खेळ.

रानवाटा | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:००

आक्का, मानलं! पण सोबत होकायंत्राची एखादी दिशाही द्या, नाहीतर ढगाळ दिवशी पंचाईत. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशाचा फरक आहे, तो विसरला तरी चालतो. आणि पावलं लिहायची तर कुणाची ते लिहा. माझी वीस आणि माझ्या बायकोची वीस यांत एक बैलगाडी मावते.

कळंबेकरीण | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

दिवाळीत घरातच सराव झाला. धाकट्यानं पेटी पिठाच्या डब्यात लपवली, त्यावर मी काही बोलत नाही.

थोरलीनं टिटवी कोरली. तिसऱ्या खेपेला जमली. पहिलीची चोच तुटली, दुसरी बदकासारखी दिसत होती. आज मामाच्या शिवारात बांधावरच्या दगडांत पेटी ठेवून आलो. छान निळा, चार कड्यांचा, घट्ट झाकणाचा डबा घेतला. झाकणावर कागद चिकटवला: 'हा खेळाचा डबा आहे, आत वही आणि ठसा आहे, कृपया जागेवर ठेवा.' माग पुढच्या आठवड्यात टाकते.

जीपीएसवाला | १६ नोव्हेंबर, रात्री ८:००

पेटीचे अक्षांश-रेखांश द्या ना.

मंगळवारपेठी | १६ नोव्हेंबर, रात्री ८:०२

ह्यो काय ऐकत न्हाई.

कळंबेकरीण | ३० नोव्हेंबर, दुपारी १:००

डबा गेला.

माग टाकायच्या आधी एकदा बघून यावं म्हणून गेलो. दगड होते तसेच रचलेले. आत ठसा आहे, वही आहे, पेन्सिल आहे, चपलेच्या खोक्यातली पुडीसुद्धा आहे, सगळं पिशवीत नीट गुंडाळून. फक्त डबा नाही. झाकणावरची चिठ्ठी सोलून वहीच्या पानावर चिकटवलीय, म्हणजे वाचली नक्की. धाकटा रडायला लागला. मामी म्हणाल्या, 'डबा चांगला होता गं, भाकरी-कालवण मावेल असा. कुणाला तरी लागला असेल.'

मंगळवारपेठी | ३० नोव्हेंबर, दुपारी १:०९

हसू का रडू! चोर पण आपल्या जिल्ह्याला शोभेल असाच निघाला. वही जाग्यावर, पुडी जाग्यावर.

एक्सेटरवासी | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

मनाला लावून घेऊ नका. पेट्या जातात, पुरानं, जनावरानं, माणसानं. म्हणून इथं बरेच जण ठशाची छाप आणि कोरायचं चित्र घरी जपून ठेवतात. पुढच्या वेळी कुणाला घ्यावासा वाटणार नाही असा डबा घ्या. रंगाचा रिकामा डबा, कडेनं ओघळलेला, सगळ्यात उत्तम.

ठसेबाज | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

आमच्याकडं अशा डब्यांची रास आहे. दोन धुऊन ठेवतो.

मंगळवारपेठी | १४ डिसेंबर, रात्री ११:००

आता माझं ऐका. डोंगर तुमचा, शहर माझं. शहरात उघड्यावर डबा ठेवायचा न्हाई, बेवारस वस्तू म्हणून कुणी पोलिसांना फोन केला तर वरातच निघायची. एक्सेटरताईंनी पबचं सांगितलं तवाच डोक्यात आलं, आमच्याकडं तालीम हाय की! वस्तादांना विचारलं. म्हणाले, 'कपाटात ऱ्हाऊ दे, पण आखाड्यात चपला घालून कोण आलं तर बघा.' ठसा गदेचा, ठसेबाज सरांनी शिकवला, मी कोरला. दांडा वाकडा आलाय, ऱ्हाऊ दे.

वाट अशी. सुरुवात भवानी मंडप. तिथनं बिंदू चौक. तिथं महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे हायत, ते कोणत्या साली बसवले ते शोधा. बाबासाहेब हयात असताना बसवलेत ते, हे लै जणांना म्हाईत न्हाई. त्या सालाचे चारी आकडे बेरजेला घ्या. जी बेरीज येईल ती जपून ठेवा. मग खासबाग मैदानाकडं चालत या. पुढचं हुमान आक्कासाहेबांनी घातलंय:

'मातीत पडतो, तरी मळत नाही;
रोज हरतो, तरी रडत नाही;
त्याच्या घरात शिरा, जोडे बाहेर काढा,
बेरजेएवढे जोर मारा, मग वही मागा.'

थोरली_टिटवी | १५ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

मी कळंबेकरीणची मुलगी, आईच्या परवानगीनं लिहितेय. साल १९५०, बेरीज १५. पण मी तालमीत कशी जाणार? आणि १५ जोर??

मंगळवारपेठी | १५ डिसेंबर, संध्याकाळी ६:५२

बाळ, रविवारी सकाळी दहाला ये, आईला घेऊन. तवा सराव संपलेला असतो, वस्तादांशी बोललोय. जोर पाच मारलेस तरी चालतील. आणि उत्तर असं सगळ्यांसमोर फोडायचं नसतंय गं!

आक्कासाहेब | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

फोडू दे. तिला आलं याचाच आनंद.

थोरली_टिटवी | २१ डिसेंबर, दुपारी १२:३०

सात मारले. वहीत माझा पहिला नंबर आहे. वस्ताद आजोबांनी दूध पाजलं.

कळंबेकरीण | ४ जानेवारी, सकाळी ८:००

ओघळलेल्या हिरव्या रंगाच्या डब्यात टिटवी परत बसलीय. चार आठवडे झाले, डबा जागेवर आहे. कुणाला नकोच असेल इतका घाण दिसतो. हा घ्या माग:

कळंब्याचं तळं मागं टाकून कात्यायनीच्या वाटेला लागा. जिथं डांबर संपून लाल माती सुरू होते तिथं थांबा, पाणी प्या.
मातीच्या वाटेनं चालत राहा, विहिरीच्या कठड्यावर कुणीतरी 'जय हनुमान' लिहिलंय तिथवर. हनुमानातला 'नु' दीर्घ लिहिलाय, तीच विहीर.
विहिरीकडं पाठ करा. होकायंत्र असेल तर नैर्ऋत्य, नसेल तर एकटा उभा असलेला शिंदीचा माड बघा.
माडाच्या रोखानं ६० पावलं. मग डावीकडं बांधावरून ३५.
दोन जुळे धोंडे दिसतील. धाकट्याच्या पोटात टिटवीनं अंडं घातलंय.
मामा शेतात असतील तर रामराम घाला, त्यांना सगळं माहीत आहे, सांगणार मात्र नाहीत.
परत ठेवताना चपटा दगड वर.
पावलं माझ्या धाकट्याची. चौथीत आहे.

मंगळवारपेठी | ११ जानेवारी, सकाळी १०:४५

शेतातनंच लिहायलोय. विहीर घावली, माड घावला. ६० झाली, ३५ झाली. मी घाणेरीच्या झुडपात उभा हाय, अंगभर ओरखडे. धोंडे एक न्हाई, दोन न्हाई. तुमचे मामा बांधावर बसून नुसते हसायलेत.

एक्सेटरवासी | ११ जानेवारी, सकाळी १०:५८

शेवटची ओळ.

मंगळवारपेठी | ११ जानेवारी, सकाळी ११:०३

हात्तिच्या.